गुरुजी रात्री पलीकडे जातात

कार्तिक वद्य पंचमी, रविवार, दुपारी चार. (इथल्या पंचांगात हीच मार्गशीर्ष वद्य पंचमी. पण सभा गुरुजींच्या घरात होती आणि त्या घरात महिना महाराष्ट्राचा चालायचा.) स्थळ: दूधविनायक, गुरुजींच्या घराचा चौक. हजर: स्वतः गुरुजी, घरमालक आणि तक्रारीचं मूळ. ब्रह्मा घाटावरचे थोरले शास्त्री. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर. यांना मी आणलं होतं. शेजारच्या काकू, तक्रारदार. मुन्शी घाटावरचा एक मल्लाह, म्हणजे नाववाला, हा आरोपी. गुरुजींची लेक, पुण्याहून, फोनवर. आणि मी, वरच्या मजल्यावरची भाडेकरू, टिपण घ्यायला.

विषय एकच होता. काशीची सीमा मरेपर्यंत ओलांडणार नाही असं व्रत घेतलेला माणूस झोपेत गंगेपलीकडे गेला, तर व्रत मोडतं का?

नुसतं टिपण वाचून कोणाला काही कळायचं नाही, म्हणून आधी गुरुजींबद्दल सांगते.

बँकेने माझी बदली नाशिकहून वाराणसीला केली. नवऱ्याची नोकरी तिकडे, मुलगी हैदराबादला, त्यामुळे मी एकटीच आले. घर बघायला गेले तेव्हा गुरुजी कानटोपी घालून चौकात उन्हाला बसले होते. नवरात्र ते होळी ही कानटोपी उतरत नाही हे मला नंतर कळलं. त्यांनी भाडं सांगितलं नाही, पाण्याची वेळ सांगितली नाही. विचारलं, "बाई, तुमची नींद कशी आहे?"

"बरी नाही," मी म्हटलं. खरंच नव्हती. नव्या गावात एकटं झोपायचं म्हणजे गॅस बंद केला का, कडी लावली का, हे बघायला मी दोनदा उठायचे आणि मग उठलेच आहे तर म्हणून जागीच राहायचे.

"उत्तम," गुरुजी म्हणाले. "गाढ झोपणारा भाडेकरू मला चालत नाही. मागे एक होता. मी ओरडून मेलो असतो तरी त्याला सकाळी दूधवाल्याकडून कळलं असतं."

ते रात्री ओरडायचे. झोप लागून काही वेळ गेला की ताडकन उठून बसायचे, डोळे उघडे, अंग घामाने भिजलेलं, आणि अशी आरोळी ठोकायचे की गल्लीतली कुत्री गप्प व्हायची. मग आडवे होऊन शांत झोपायचे. मी दचकून उठून जिन्यात यायचे तोवर खालून घोरणं ऐकू यायचं. सकाळी त्यांचा घसा बसलेला असायचा आणि आठवत फक्त एवढंच असायचं: वाळू. गंगेपलीकडची पांढरी वाळू, आणि आपण तिच्यावर उभे.

आता पलीकडच्या वाळूत घाबरण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. दिवसा तिथे घोडे असतात, उंट असतात, सेल्फी काढणारी मुलं असतात. पण इथले जुने लोक मानतात की अलीकडे काशीत मरणाऱ्याला मुक्ती आणि पलीकडे मरणाऱ्याला गाढवाचा जन्म. नदी तीच, पाणी तेच, फरक फक्त काठाचा. गुरुजींनी पत्नी गेल्यावर क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे तेच ते, सीमा न ओलांडण्याचं व्रत. आयुष्यभर पाठशाळेत मुलांकडून वेद पाठ करून घेतलेला माणूस. व्रत म्हणजे व्रत. लेक पुण्याची, तिच्या मुलाच्या मुंजीलाही ते गेले नाहीत. लेकीने त्यानंतर बरेच दिवस फोनवर फक्त "जेवलात का?" एवढंच विचारलं.

तेव्हा दिवसभर अलीकडे राहायचं आणि रात्री डोळा लागला की कोणीतरी आपल्याला पलीकडे नेऊन ठेवायचं, असा हा प्रकार होता. आणि तिथेच झोपेत जीव गेला तर?

रोज सकाळी मी बँकेत निघाले की गुरुजी मला दारात अडवायचे.

"बाई, रात्री ओरडलो?"

"ओरडलात."

"खरं सांगा. आवाज माणसाचा होता ना?"

"माणसाचाच होता, गुरुजी."

"शेवटी शेवटी? शेवटी जरा लांबतो, तिथे?"

"तिथेही माणसाचाच."

मग ते निश्चिंत होऊन दात घासायला जायचे. शेजारच्या काकूंचं मत वेगळं होतं, पण त्या ते गुरुजींसमोर बोलायच्या नाहीत. मला मात्र गच्चीवरून गच्चीवर ऐकवायच्या, "अहो, बिल्कुल गाढव! आमचा नातू तर उठून म्हणतो, आजी, कुम्हार आला गाढव घेऊन."

उपाय गुरुजींनी स्वतः शोधले होते आणि ते सगळे त्यांच्या परीने बिनचूक होते. झोपताना डाव्या पायाला सुतळी बांधायची, तिचं दुसरं टोक खाटेला, खाट दोरखंडाने चौकातल्या खांबाला. मी विचारलं, हे कशाला? तर एखाद्या विद्यार्थ्याला समजवावं तसं म्हणाले, "मी गेलो तर खाट येईल. खाट गेली तर खांब येईल. खांब गेला तर घर येईल. आणि घर काशीत आहे."

मी गाठ तेवढी तपासली. पायाला सुरगाठ होती, ती सोडून साधी मारून दिली.

माझाही एक उपाय होता. मी झोपण्याआधीची यादी करून दारामागे चिकटवली होती: गॅस, कडी, पाण्याचा तांब्या, फोन दुसऱ्या खोलीत, चहा संध्याकाळनंतर बंद. गुरुजींनी ती वर येऊन वाचली. म्हणाले, "छान आहे. पण बाई, यादीने नींद येत असती तर मुनीम लोक सगळ्यात जास्त झोपले असते." तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारामागेही एक यादी दिसली. तीत एकच ओळ होती: काशीत आहे.

काकूंनी सुचवलेला उपाय म्हणजे ठंडाई. बनारसची ठंडाई नुसती बदाम-बडीशेपेची नसते, तीत हिरवं काही असतं. गुरुजींनी औषध म्हणून पेलाभर घेतली आणि त्या रात्री कोणी आरोळी ऐकली नाही. आम्ही समजलो, जमलं. सकाळी बघते तर गुरुजी उपरणं घेऊन घरोघर फिरतायत आणि हात जोडून माफी मागतायत. त्या रात्री ते एकटे गेले नव्हते. अख्खं दूधविनायक पलीकडे घेऊन गेले होते.

काकूंच्या दारातला संवाद मी जिन्यावरून ऐकला.

"वहिनी, माफ करा. रात्री तुम्हालाही नेलं मी."

"मला? पलीकडे? अन् हे?"

"तेही होते. सायकलसकट."

"अन् आमच्या सासूबाई?"

"होत्या. वाळूत बसल्या होत्या."

"मग परत कोणाकोणाला आणलंत?"

"इतक्यात जाग आली हो! कोणालाच आणता आलं नाही."

काकूंनी जरा विचार केला. "सासूबाईंचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं बघा."

मल्लाहाचं प्रकरण यानंतरचं. एका सकाळी गुरुजींना वाळूबरोबर आणखी एक गोष्ट आठवली, ती म्हणजे नाववाल्याच्या मिशा. त्या मिशा मुन्शी घाटावरच्या कोणाच्या आहेत हेही आठवलं. ते तडक घाटाघाटाने चालत तिकडे गेले. रविवार होता, त्यामुळे मीही मागोमाग गेले. चिडलेल्या म्हाताऱ्याला ओल्या पायऱ्यांवर एकटं सोडणं बरं नाही.

मल्लाह नावेत बसून दाढी करत होता.

"का रे, कल रात मुझे उस पार क्यों ले गया?"

"हम?" त्याने आरसा खाली केला. "गुरुजी, हम त रात में घर पे सोए थे. मेहरारू से पूछ लीजिए." मेहरारू म्हणजे बायको.

"मैंने मना किया था कि नहीं?"

"आप बोले ही नहीं कुछ. चुपचाप बैठ गए होंगे."

"होंगे म्हणजे? मतलब तू था!"

मल्लाह माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. शेवटी त्याने गंगेकडे हात करून शपथ घेतली की इथून पुढे गुरुजींना नावेत बसवणार नाही. गुरुजी समाधानाने परतले. त्याच रात्री त्यांना दुसऱ्याच कोणीतरी नेलं, बिनमिशांच्या माणसाने. म्हणजे आता सगळ्या घाटांवरच्या सगळ्या नाववाल्यांच्या शपथा घ्याव्या लागणार होत्या, आणि ते कामाला लागलेही होते. अस्सी घाटापर्यंत पोचायच्या आत लेकीचा फोन आला.

कोणीतरी तिला कळवलं होतं. मी नव्हे, काकू असाव्यात. लेक म्हणाली, बाबा एकटे आहेत, रात्री ओरडतात, दिवसा नाववाल्यांशी भांडत फिरतात. हे असंच चाललं तर मी येऊन त्यांना पुण्याला घेऊन जाणार. व्रत असो की काही असो.

गुरुजींनी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, एक मीटिंग लावा. बँकेत लावता तशी."

अशी ती सभा.

डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून मी आरोळी फोनवर रेकॉर्ड करून ठेवली होती. ती सर्वांना ऐकवली. काकू माझ्याकडे बघून डोळ्यांनीच "बघा" म्हणाल्या. गुरुजींनी थोरल्या शास्त्रींना विचारलं, "माणसाचा आहे ना?" शास्त्रींनी ती पुन्हा लावायला सांगितली, डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "आरंभ माणसाचा आहे."

डॉक्टर म्हणाले, अशा लोकांना ओरडण्याच्या वेळेआधी थोडं हलकेच जागं करतात, म्हणजे तो झटका टळतो. गुरुजींनी हे साफ नाकारलं. "तिकडे असताना जागं केलंत तर मी तिकडेच राहीन. आधी परत आणा, मग जागं करा."

मुख्य प्रश्नावर शास्त्रींचा निर्णय असा झाला की देह काशीत आहे तोवर व्रत मोडत नाही. यावर गुरुजी म्हणाले, अंतकाळी मन जिथे असेल तिथली गती मिळते असं आपणच शिकवतो ना? मग माझा देह मुक्त होणार आणि मी उकिरड्यावर चरणार, असं का? शास्त्रींनी मान्य केलं की हा पेच खरा आहे. मग त्यांनी सांगितलं: स्वप्नातला दोष स्वप्नातच निस्तरला पाहिजे. गेलेल्याने परत यावं आणि अलीकडे येऊन स्नान करावं. म्हणजे झालं.

"यायचं कसं?" गुरुजी. "नावेने. नाव कोणाची?"

सगळे मल्लाहाकडे बघू लागले.

"हम?" मल्लाह म्हणाला. "अभी तो कसम खिलाए थे कि बैठाना नहीं है."

"जाते वक्त नहीं बैठाना. आते वक्त बैठाना. तू उधर खड़ा रह."

"रोज?"

"रोज."

"रात में उधर बहुत ठंड है गुरुजी."

"अरे, सपने में!"

"सपने में भी ठंड होती है."

गुरुजी उठले, आत जाऊन आपली शाल घेऊन आले आणि त्याच्या खांद्यावर टाकली. मल्लाहाने ती चाचपून पाहिली. मग विचारलं, मोटर लावू की चप्पू? गुरुजी म्हणाले, चप्पू, वल्हीच बरी. मोटरच्या आवाजाने जाग येईल.

शास्त्रींनी त्याच्या हातावर गंगाजळ घालून रीतसर संकल्प सोडायला लावला: स्थळ पैलतीर, काळ स्वप्नावस्था, काम गुरुजींना अलीकडे आणणे. मला सवयीने वाटलं ते मी विचारलं, "मुदत काय लिहू? किती दिवस?"

"बाई, ही काय फिक्स डिपॉझिट आहे?" गुरुजी म्हणाले आणि सगळे हसले. फोनमधून लेकही हसली, बऱ्याच दिवसांनी. मुदतीची जागा कोरीच राहिली.

डॉक्टर जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हे सगळं विचित्र आहे, पण चालू द्या. रोज दिवसा ते परत येण्याचं मनात घोळवत राहिले तर फरक पडेल."

फरक पडला. आरोळी कमी होत गेली आणि तिच्या जागी हाक आली. "ए, नाव लाव!" अगदी स्वच्छ, माणसाची हाक. आता काकूंची तक्रार अशी की हाक ऐकून त्यांचा नवरा उठून दार उघडायला जातो.

लेक आली ती तिकिटं काढूनच. दोन तिकिटं. गुरुजींनी ती पाहिली. रात्री सुतळीऐवजी दोरखंड पायाला बांधून घेतला. ती शेजारच्या खोलीत झोपली. सकाळी चहा घेताना तिने मला सांगितलं. रात्री बाबांनी हाक मारली. कोणी ओ दिली नाही. पुन्हा मारली, आवाज चढला. ती अर्धवट झोपेत होती. लहानपणी संध्याकाळच्या हाकेला द्यायची तशी तिने पडल्या पडल्या ओ दिली, "लावली हो बाबा, या." आणि भिंतीपलीकडून खाट करकरली, ते कुशीवर वळले होते.

तेवढ्यात गुरुजी चूळ भरून आले. खुशीत होते. "मल्लाहाला सर्दी झालीये बहुतेक," ते म्हणाले. "आवाज बारीक झालाय. पण आला बरोबर वेळेवर."

लेकीने चहाच्या पेल्यात तोंड लपवलं. मग उठून वडिलांच्या पायाचा घोटा पाहिला. दोरखंडाने कातडी सोलली होती. तिने आपली जुनी सुती ओढणी फाडून मऊ पट्टी केली, ती सुतळीच्या जागी खाटेला बांधली आणि दोरखंड माळ्यावर टाकला. जाताना एकटीच गेली. रिक्षात बसताना मला म्हणाली, "ताई, तुम्ही वर असता. हाक आली तर ओ द्याल?"

देईन म्हटलं. यादीत लिहून घेतलं. पुढे हाक आली की मी वरूनच म्हणायचे, "लावली, या." खालून खाट करकरायची. मग मलाही झोप लागायची, बऱ्यापैकी लागायची. गॅस बघायला उठायचं मी विसरत चालले होते.

गुरुजी गेले ते भर दुपारी, लख्ख उन्हात, पूर्ण जागेपणी. दारात बसून भाजीवाल्याला सांगत होते की हे मटार टणक आहेत, दुसरे काढ. त्याने दुसरे काढेपर्यंत मान कलली. झोपेत पलीकडे असताना जीव गेला तर काय, याची इतकी चर्चा झाली, आणि तो प्रश्न आलाच नाही. मुठीत शेंग होती. शास्त्री म्हणाले, निर्मळ मृत्यू, शंकेला जागा नाही. लेक आली, सगळं मणिकर्णिकेवर झालं, घर तिने तूर्त माझ्याकडे सोपवलं.

त्यानंतर काही दिवसांनी मल्लाह बँकेत आला. काउंटरवर गर्दी होती तरी तो सरळ माझ्या टेबलाशी आला. डोळे लाल, दाढी वाढलेली, खांद्यावर तीच शाल.

"दीदी, हमको छुड़वाइए," तो म्हणाला.

"कशातून?"

"उसी से. रोज रात को उधर खड़े रहते हैं. नाव लगा के. कोई आता ही नहीं. हम चिल्लाते हैं, गुरुजी, गुरुजी! मेहरारू उठ जाती है, बच्चा रोता है."

"अरे, पर गुरुजी तो..."

"हमको मालूम है. कंधा दिए हैं हम. पर वो दिन में मालूम है. रात में नहीं मालूम."

मी शास्त्रींकडे गेले. त्यांनी टिपण मागून घेतलं, मुदतीची कोरी जागा पाहिली आणि बराच वेळ कपाळ चोळत बसले. संकल्पाला शेवटच ठेवला नाही, म्हणाले. करवून घेणारे गुरुजी असते तर त्यांनी मल्लाहाला सोडवलं असतं. आता निरोप तो जिथे उभा आहे तिथे पोचला पाहिजे, म्हणजे तो झोपेत असताना. कोणीतरी त्याच्या कानाशी सांगायचं, गुरुजी पोचले, आता नाव सोड. मी म्हटलं, त्याची बायको सांगेल. शास्त्री म्हणाले, छे, गुरुजींच्या हाकेला ओ कोण देत होतं? तुम्ही. तुम्हीच सांगायचं.

काम लहान आहे. मल्लाह दुपारी जेवून नावेतच झोपतो. मी बँकेतून जेवणाच्या सुट्टीत मुन्शी घाटावर गेले. वाक्य तयार होतं, हिंदीत. तो नावेच्या तळाशी शाल पांघरून पडला होता, तोंड उघडं, एक हात चप्पूवर, कोणी बसताना नाव हलू नये म्हणून धरतात तसा. मी शेवटच्या पायरीवर वाकून उभी राहिले. नाव काठाला लागून हळूहळू हलत होती. मग सुट्टी संपत आली आणि मी न सांगताच परत फिरले. वाटेत भाजी घेतली.

पुन्हाही गेले. पुन्हाही भाजी घेऊन आले.

वीजबिल लेकीच्या नावावर करून झालं. माळा साफ झाला. चौकातल्या खांबाला चुना झाला. रात्री मी यादीप्रमाणे गॅस बघते, कडी बघते, आणि मग हाक येईल म्हणून खालच्या चौकाकडे कान देऊन पडते. मल्लाहाला सांगणे, एवढं बाकी आहे.